अनुस्वार दिसेनात

भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
२९ ऑगस्ट २०२५

प्रिय करुणा,
जय भीम.

ईमेल सोडून ताई कागदावर का लिहितेय म्हणून तू आधी घाबरशील. घाबरू नको, मी धडधाकट आहे. आजारी पडलीय ती माझी मोठी स्क्रीन.

परवा संध्याकाळी लॅपटॉपनं आपणहून अपडेट घ्यायला सुरुवात केली. बंद करू नका, बंद करू नका, असं सांगत बसला. मी म्हटलं, घे बाबा तुझं काय ते, आणि भाकरी टाकायला उठले. परत येऊन बघते तर लॅपटॉप चालू, पण टेबलावरची मोठी स्क्रीन काळी. तिच्यावर एक छोटी चौकट इकडून तिकडं भटकतेय, 'नो सिग्नल'. वायर काढून लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही. दुकानवाला म्हणतो, नवीन घ्या.

माझं डीटीपीचं, पुस्तकांची पानं टाईप करून जुळवायचं सगळं काम त्या स्क्रीनवर. कागद मला नाकाशी धरून वाचता येतो, पण लॅपटॉप नाकाशी धरून टाईप कसं करणार? वाकून बसायचं नाही, फोन डोळ्याशी धरायचा नाही, असं डॉक्टरांनी आतला पडदा सरकून उजवा डोळा गेला तेव्हाच बजावलंय. फोनला बोलून लिहायला सांगितलं तर तो 'मनकर्णाबाई'चं 'मन कर ना बाई' करतो. लीलाबाई शेजारून येऊन तुझे मेसेज वाचून दाखवायला तयार आहे, पण दोघींच्या बोलण्यात तिसरं माणूस मला नको वाटतं. आणि तुला फोन लावून काय उपयोग? एकीला नीट दिसत नाही, एकीला ऐकू येत नाही. आपल्याला टपालवालाच बरा.

या मनकर्णाबाई चितेगावच्या. उभ्या आयुष्यात दाईचं काम केलं. आता पंचाहत्तरी ओलांडलीय आणि त्यांच्या आठवणींचं पुस्तक मी करतेय. त्यांना लिहिता येत नाही असं नाही, पण त्या म्हणतात, "लिवाया बसलं की माझं बोलणं पळून जातं." म्हणून त्या माझ्या पलंगावर मांडी घालून बोलतात आणि मी टाईप करत जाते. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली, "मी जशी बोलते तसंच येऊ दे. मास्तरणीवानी करू नको." त्यांच्या बोलण्यात इथं, तिथं, केलं, गेलं, सगळीकडं अनुस्वार. एक टिंब गळलं की त्या बाई गप्प होतात आणि दुसरंच कुणी बोलायला लागतं.

१२ ऑक्टोबरला चितेगावच्या विहारात प्रकाशन ठरलंय. शहागंजातला छापखाना सप्टेंबर संपायच्या आत पानं मागतोय. तू रोज लोकांचे बिघडलेले लॅपटॉप दुरून, चॅटवर लिहून बरे करतेस. माझा टपालानं करशील का?

तुझी
रूपाताई


पिंपरी, पुणे
२ सप्टेंबर २०२५

प्रिय रूपाताई,
जय भीम.

जाड स्केचपेननं लिहितेय म्हणजे तुला कागद नाकाशी न्यावा लागणार नाही. चार ओळींत पान भरतं, त्यामुळं पाकीट जाड झालंय. पोस्टातल्या बाईंनी दोनदा विचारलं, आत काय आहे. मी लिहून दाखवलं, बहिणीचा कॉम्प्युटर दुरुस्त करायचाय. त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

नवीन स्क्रीन अजिबात घ्यायची नाही. 'नो सिग्नल' असं ती स्वतः लिहून दाखवतेय ना, म्हणजे ती जिवंत आहे. तिला फक्त लॅपटॉपकडून काही मिळत नाहीये. अपडेटनंतर हे नेहमी होतं. घर रंगवून झाल्यावर कुठली वस्तू कुठं ठेवली ते आठवत नाही, तसं लॅपटॉपला दुसरी स्क्रीन आठवत नाही.

आधी लॅपटॉप पूर्ण बंद कर. मोठ्या स्क्रीनचा प्लग भिंतीतून काढ आणि चहा करून पी. चहा झाला की वायरची दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसव, मग आधी स्क्रीन लाव, नंतर लॅपटॉप. स्क्रीनच्या खालच्या कडेला बटणं आहेत. तिथं 'इनपुट' येईल, त्यात एचडीएमआय निवड.

तरी काळीच राहिली तर विंडोजची कळ दाबून धर आणि P दाब. बाजूला पट्टी उघडेल. ती वाचायची गरज नाही. खालचा बाण एकदा, मग एंटर. नाही जमलं तर पुन्हा तेच, बाण दोनदा.

आणि शेवटचा उपाय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि B, चारही कळा एकदम. स्क्रीन क्षणभर डोळे मिटते आणि उघडते. त्या वेळी एक आवाजही येतो म्हणतात. आजवर कितीतरी लोकांना मी ही युक्ती सांगितली, पण हे काम मी शिकले ते ऐकू येणं बंद झाल्यावर. कसा असतो तो आवाज? तेवढं मला लिही.

तुझी बोटं कीबोर्डवर बघितली की मला अजून नवल वाटतं. कळा न बघता तू मराठीत जेवढं टाईप करतेस तेवढं आमच्या ऑफिसात डोळे धड असलेली माणसं करत नाहीत. म्हणून मला काळजी नाही. तू हे सगळं बोटांनी करशील.

तुझी
करुणा


भावसिंगपुरा
६ सप्टेंबर २०२५

प्रिय करुणा,
जय भीम.

स्क्रीन आली! चहानं आली नाही, बाणानं आली नाही, पण चार कळा एकदम दाबल्या आणि आली. लीलाबाई दारात उभी होती, तिनं टाळ्या वाजवल्या.

आवाज म्हणशील तर अगदी बारीक. आपल्या लहानपणी काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं ना मामाच्या हातात, दर तासाला पीप करायचं? तसाच. तू ते घड्याळ कानाला लावून बसायचीस.

काम सावकाश चाललंय. अक्षरं जरा मोठी करून घेतलीत. खरं सांगू, आता हे पुस्तक शहागंजातल्या दुसऱ्या डीटीपीवाल्याकडं द्यावं असं मनात येतं. माणसानं कुठंतरी थांबावं.

तुमच्या कंपनीत एक आंधळी मुलगी आवाजावर कॉम्प्युटर चालवते असं तू मागं लिहिलं होतंस. तिला ते शिकायला किती दिवस लागले? सहज विचारतेय.

तुझी
रूपाताई


पिंपरी
११ सप्टेंबर २०२५

प्रिय रूपाताई,
जय भीम.

स्क्रीन आली हे वाचून मी टेबलावर हात आपटला आणि सगळं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं. मामाच्या घड्याळाचा आवाज! तो मला आठवतो. म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना जो आवाज सांगत होते तो माझ्या ओळखीचाच होता.

त्या मुलीचं नाव संस्कृती. साधारण वर्ष लागलं तिला. आता कॉम्प्युटर तिला इतक्या भरभर वाचून दाखवतो की ऐकणाऱ्यांना नुसती भुणभुण वाटते म्हणे. फार हुशार आहे. तुझ्या ओळखीत कुणाला शिकायचं असेल तर कळव, मी तिच्याशी गाठ घालून देते.

पण पुस्तक दुसऱ्याला द्यायचं काय काढलंस? मनकर्णाबाई सारख्या दुरुस्त्या सांगतात का? म्हाताऱ्या माणसांचं तसं असतं. एक दिवस सुट्टी घे, वैतागू नको. हातातलं काम अर्ध्यात सोडलेलं तुला मी कधी पाहिलेलं नाही.

तापानं माझे कान गेले तेव्हाचं आठवतं का? घरातला प्रत्येक माणूस माझ्या तोंडाशी येऊन ओरडायचा, आणि मला नुसती उघडी तोंडं दिसायची. तू कन्नडहून एसटीनं आलीस, काही न बोलता शेजारी बसलीस आणि कागदावर लिहिलंस, 'भूक लागलीय का?' मी त्या दिवशी पोटभर जेवले. लोकांना काय हवंय ते तुला इतकं बरोबर कळतं. मनकर्णाबाईंनी बोलायला तुझाच पलंग निवडला यात मला नवल वाटत नाही.

थोडी पानं पाठव ना ईमेलनं. मला वाचायचीत.

तुझी
करुणा


भावसिंगपुरा
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय करुणा,
जय भीम.

आज मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी. चौकातलं झेंडावंदन आटोपून लोक घरी गेलेत, गल्ली शांत आहे. आज तुला खरं लिहिते.

संस्कृतीबद्दल मी दुसऱ्या कुणासाठी विचारलं नव्हतं. माझ्यासाठी विचारलं होतं.

स्क्रीन आली त्याच दिवशी मला अक्षरांच्या कडा दुहेरी दिसायला लागल्या. पानावर धुकं. वाटलं, दिवसभराचा शीण असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग माझ्या ध्यानात आलं की अनुस्वार दिसत नाहीत. 'इथं' आणि 'इथ' सारखेच. रफारही पुसट. मी अक्षरं मोठी केली तर धुकंपण मोठं झालं. करुणा, उजवा डोळा गेला तेव्हा असंच धुक्यापासून सुरू झालं होतं. आता हा एकच आहे.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलंय, डाव्या डोळ्याला जरा काही वाटलं की निघून या. मी गेले नाही. रोज सकाळी ठरवते, आज जाऊ, चपला घालते आणि दारातूनच परत फिरते. गेले तर ते सांगतील. नाही गेले तर निदान अजून कुणी सांगितलेलं तरी नाही. मला ठाऊक आहे, हे शहाण्या माणसाचं वागणं नाही.

काल मनकर्णाबाई आल्या होत्या. बसमध्ये त्यांच्या पिशवीचा बंद तुटला होता. बोलता बोलता मी चष्मा काढला, सुईत दोरा ओवला आणि बंद शिवून दिला. मग धीर करून म्हटलं, "मावशी, हे काम मी दुसऱ्याकडं देते. चांगला माणूस बघून देते."

त्या बंद ओढून बघत होत्या. "का गं?"

"डोळा साथ देत नाही आता."

त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "पोरी, तुझ्या म्होरं जे बोलले ते मी माझ्या लेकीलाबी कधी बोलले नाय. ते दुसऱ्याम्होरं पुन्यांदा काढायचं नाय मला. तुझ्या हातानं झालं तर झालं. नाय तर राहू दे, पुस्तकावाचून चितेगाव अडलं नाय." आणि पिशवी घेऊन निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "सोमवारी येते. मी बोलंल. तुला दिसल तितकं लिव."

म्हणून मी लिहितेय. काय उमटतंय ते दिसत नाही, बोटांना जे माहीत आहे तेवढ्यावर चाललंय. पानं तुला कुठल्या तोंडानं पाठवू?

आईला यातलं काही कळवू नको.

तुझी
रूपाताई


पिंपरी
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय रूपाताई,

जय भीम. तुझं पत्र आज दुपारी आलं. हे तुझ्या हातात पडायच्या आधी माझा मेसेज लीलाबाईंच्या फोनवर पोचलेला असेल: ताईला आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या, ती नाही म्हणाली तरी न्या. तिसऱ्या माणसाला मध्ये घातलं म्हणून राग मानू नको, आणि मानायचा असेल तर डॉक्टरकडून आल्यावर मान.

तू गेली असशील असं धरून पुढचं लिहिते. गेली नसशील तर इथंच थांब, पत्र घडी घालून ठेव आणि आधी जा.

आता ऐक. तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं आणि लगेच लीलाबाईंना मेसेज केला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा सुईपाशी अडकले. मावशींची पिशवी शिवायला तू चष्मा काढलास आणि सुईत दोरा ओवलास. ताई, सुईचं भोक अनुस्वाराएवढंच असतं. ज्या डोळ्याला स्क्रीनवरचं टिंब दिसत नाही त्याला सुईचं भोक कसं दिसलं?

मग मी तुझी सगळी पत्रं पुढ्यात मांडली. तुझ्या अक्षरात एकही अनुस्वार सुटलेला नाही. ओळी सरळ आहेत. धुकं कधी सुरू झालं? स्क्रीन आली त्याच दिवशी, असं तूच लिहितेस. अक्षरं मोठी केली तर धुकंपण मोठं झालं, हेही तूच लिहितेस. अगं, डोळ्यातलं धुकं अक्षराच्या मापानं वाढत नाही. ते स्क्रीनवरचं आहे.

मला वाटतं काय झालंय ते सांगते. स्क्रीनवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. तुझी स्क्रीन मोठी आहे, तिला बारीक आणि दाट ठिपके लागतात. लॅपटॉप आणि स्क्रीन यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. अपडेटनं जुना दुभाष्या काढून नवा बसवला. त्याला तुझी स्क्रीन ओळखू येत नाही, म्हणून तो थोडेच ठिपके पाठवतो आणि तेच ताणून सगळ्या अंगणभर पसरतो. अनुस्वार एवढासा, तो दोन ठिपक्यांच्या मध्ये हरवतो.

चार कळा दाबून स्क्रीन आली असं तू लिहिलंस आणि मी टेबल बडवून मोकळी झाले. रोज अनोळखी माणसांना मी विचारते, आता अक्षरं स्पष्ट दिसतात का? तेवढं तुला विचारायचं राहिलं.

उपाय असा. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की भिंग उघडतं, लॅपटॉपवरची बारीक अक्षरंही त्यात मोठी होतात. मग रिकाम्या जागी उजवं क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. मोठी स्क्रीन निवड आणि 'रेझोल्यूशन'मध्ये सगळ्यात मोठा आकडा आहे का बघ. नसेल तर नवा दुभाष्या काढून जुन्याला परत बोलवायचं. विंडोज आणि X, त्यातून डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, त्याचं 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर' आणि 'रोल बॅक'. कारण विचारील, कुठलंही सांग. मागच्या पानावर प्रत्येक शब्द इंग्रजीत जसा दिसेल तसा मोठा काढून दिलाय.

माझं चुकलं असू शकतं. म्हणूनच आधी डॉक्टर.

करुणा


भावसिंगपुरा
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय करुणा,
जय भीम.

हे ईमेलनं येतंय, आणि मी ते टेकून बसून, डोळ्यासमोर, स्वच्छ बघत लिहितेय.

तुझा मेसेज वाचल्या वाचल्या लीलाबाईनं रिक्षाच दारात आणून उभी केली. म्हणाली, "तुमी चलता का उचलून नेऊ?" आणि तिनं खरंच दंडाला धरून बसवलं. डॉक्टरांनी थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ आत बघितलं. तेवढा वेळ मी लीलाबाईचा हात सोडला नाही. मग ते म्हणाले, "मागच्या वर्षी होता तसाच आहे. पडदा जागेवर आहे." मला ऐकू आलं, पण कळलं नाही. पुन्हा सांगा म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि उशीर केल्याबद्दल रागावले. म्हणाले, या वेळी नशीब चांगलं होतं, पुढच्या वेळी असा विचार करत बसू नका. मी मान डोलावली. त्यांचं बरोबर आहे.

थेंबांचा अंमल उतरायला रात्र गेली. सकाळी तुझी पानं टेबलावर ओळीनं मांडली आणि बसले. भिंग उघडलं. रेझोल्यूशनच्या यादीत मोठा आकडा नव्हताच, तू म्हणालीस तसा. मग डिव्हाइस मॅनेजर. 'रोल बॅक' दाबलं. कारण विचारलं तर मी पहिलंच ठोकून दिलं. स्क्रीन काळी झाली, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला.

आणि मग पान आलं. मनकर्णाबाई पावसाळ्यात नदी ओलांडून बाळंतिणीकडं गेल्या, ते पान. पानभर मोहरी सांडावी तसे अनुस्वार. चिंब, अंधार, कंबर, कंदील, सगळे आपापल्या जागी. मी खुर्चीतून उठले, खिडकी उघडली, बंद केली, परत येऊन बसले. कशासाठी उठले होते कुणास ठाऊक.

करुणा, तू माझ्या डोळ्यात बघितलं नाहीस, माझ्या स्क्रीनकडं बघितलं नाहीस. दीडशे मैलांवर बसून नुसतं एक पत्र वाचलंस आणि त्यात मी स्वतः लिहिलेली सुई तुला दिसली, मला दिसली नाही. भीतीनं माणूस किती आंधळं होतं. मी मनकर्णाबाईंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझी बहीण दाई झाली असती. बाळंतीण वरडती एकीकडं आन दुखतं दुसरीकडं, ते हेरणारीच खरी दाई."

न दिसता टाईप केलेली पानं सोबत पाठवतेय. तपासायला मला अजून धीर होत नाही. तू बघ. आणि १२ तारखेला ये.

तुझी
रूपाताई


पिंपरी
२७ सप्टेंबर २०२५

प्रिय रूपाताई,
जय भीम.

पानं वाचली. एकदा चुका शोधायला, एकदा नुसतीच. चुका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, त्यासुद्धा कुठं शब्द चिकटलाय, कुठं पूर्णविराम राहिलाय अशा. पण अनुस्वार एकही चुकलेला नाही. जे तुला दिसत नव्हतं तेच सगळं बरोबर आहे. मी फार विचार केला, हे कसं झालं? मग कळलं, ते तू डोळ्यांनी लिहिलंच नाहीस. मावशी बोलत गेल्या आणि तू कानांनी लिहीत गेलीस.

म्हणून असेल, वाचताना मला त्यांचा आवाज कळला. कुठं थांबतात, कुठं दम घेतात, कुठं मुद्दाम हळू बोलतात. इतक्या वर्षांत माझ्या कानांपर्यंत नवीन माणूस पोचलं नव्हतं. तुझ्या बोटांमुळं पोचलं.

प्रकाशनाला मात्र येत नाही, रागावू नको. सभेत माझं काही काम नसतं. ओठ वाचावेत तर वक्ते माइकमागं तोंड लपवतात. पुस्तक पाठव, घरी शांतपणे वाचीन.

तुझी
करुणा


भावसिंगपुरा
१ ऑक्टोबर २०२५

करुणा,

पानं छापखान्यात गेली. मुखपृष्ठावर मनकर्णाबाईंचे नुसते हात आहेत, चेहरा नको म्हणाल्या.

तू येणार आहेस. शनिवारी, ११ तारखेला, संध्याकाळच्या गाडीनं निघ, मी स्टँडवर असते. विहारात पहिल्या रांगेत डावीकडची खुर्ची तुझी. बाकीचं मी बघते. प्रश्न विचारायचा नाही, मी थोरली आहे.

रूपाताई


पिंपरी
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय रूपाताई,
जय भीम.

घरी येऊन दोन दिवस झाले. तिथं गर्दीत तुला नीट काही सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

पहिल्या रांगेत येऊन बसले तर समोर टेबलावर तुझी मोठी स्क्रीन. मला वाटलं, फोटो दाखवणार असतील. तू बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेली, गुलाबी काठाची साडी, चष्मा कपाळावर. स्क्रीन माझ्याकडं वळवलेली. पांढरं पान, आणि त्यावर आधीच लिहिलेलं: 'करुणा, इथंच बघ.'

मनकर्णाबाईंना दोघींनी धरून माइकपाशी आणलं. त्यांचे ओठ हलले, आणि त्याच वेळी पानावर अक्षरं धावायला लागली. 'बसा की गं समदे, उभं राहून काय बघता. म्हातारी काय पळून नाय जायची.' ताई, तू एकदाही खाली बघितलं नाहीस. तुझी नजर त्यांच्यावर होती आणि बोटं माझ्यासाठी चालली होती. मागच्या रांगेतल्या दोन आज्ज्या खुर्च्या उचलून माझ्याशेजारी येऊन बसल्या. माझ्यासारखंच त्यांनाही माइकवरचं कळत नसावं. एकीनं चष्मा पुसून माझा हात धरला आणि मोठ्यानं वाचायला लागली, तिचे ओठ मला दिसत होते.

आजवर सभेत मी लोकांकडं बघून हसत आलेय. सगळे हसले की मी हसायचं, म्हणजे निराळी दिसत नाही. ते हसू नेहमी थोडं उशिरा येतं, आणि का हसले ते कधीच कळत नाही. लग्नात, बारशाला, ऑफिसात, सगळीकडं हेच. तुलासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही.

मनकर्णाबाई गोठ्यातल्या बाळंतपणाचं सांगत होत्या. ज्या घरात त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या घरातलं बाळंतपण. विहारातल्या बायांचे चेहरे उतरलेले. मी वाचत होते:

'ह्या गावातली निम्मी माणसं दुनियेत आली ती आधी माझ्या हातात आली. आईनं धरायच्या आधी मी धरली. मग मोठी झाली, मिशा फुटल्या, आन मलाच म्हणाया लागली, म्हातारे लांब हो, शिवू नको.'

मग त्या थांबल्या. तुझी बोटंही थांबली. पानावर ती उभी रेघ नुसती लुकलुकत होती, आणि सगळा विहार त्यांच्याकडं बघत होता. मी पानाकडं.

'मी म्हणायची, बाबा, आता लई उशीर झाला.'

आणि मी हसले. मान वर करून बघितलं तर सगळे हसत होते. पुरुष, बाया, शेजारची आजी, दाराशी उभे असलेले लोक. नुकतेच हसायला लागलेले. मी कुणाचं बघून हसले नव्हते, ताई. मी त्यांच्याबरोबर हसले होते.

तुझी
करुणा